टकशे?

सकाळी सहाला आकडा बदलतो.
मी नाही बदलत, तो आपला आपण बदलतो.
मशीनवरचा आणि फलकावरचा जुळतो ना, तेवढं मी बघते
आणि प्रवीणभाईंना फोन लावते.
"किती?"
"एकवीस पैसे."
"वर?"
"खाली."
पलीकडे बशी ठेवल्याचा आवाज येतो.

आज अकरावा दिवस.
गोरवा रोडच्या आमच्या पंपावर
आकडा जिना उतरतोय
गुडघे धरलेल्या माणसासारखा,
कठडा न सोडता, एकेक पायरी.

पहिला येतो दूधवाला जेसंग, किटल्या वाजवत.
"बेन, टकशे?"
मागून धायबर सर, स्कूटर तिरकी करून:
"काय हो, टिकेल का?"
बडोद्यात एकच प्रश्न दोन भाषांतून येतो
आणि दोन्हींत उत्तर मलाच मागतात,
जशी काही तेलाची विहीर माझ्या परसात आहे.
माझ्या शर्टावर अजून 'हर्षद' लिहिलेलं आहे,
आधीच्या मुलाचा शर्ट, बाह्या दुमडून घालते.
हर्षदला विचारा, म्हणते.

मला जे कळतं ते कोणी विचारत नाही.
भाव चढत होता तेव्हा
रात्री पावणेबाराला रांग आयटीआयच्या फाटकापर्यंत.
फुल कर, फुल कर, झाकणापर्यंत कर.
आता उतरतोय तर शंभरचं, पन्नासचं.
काल एका कॉलेजच्या पोरीने तीसचं टाकलं,
उद्यासाठी जागा ठेवली.
टाकी भरून नेणाऱ्याचा उद्यावर भरवसा नसतो.
नोजल हातात असला की
माणसाचा भरवसा लिटरमध्ये दिसतो.

प्रवीणभाई दुपारी येतात,
जमिनीतल्या टाकीशी उकिडवे बसतात,
सळईला लेप लावून आत सोडतात, ओढून बघतात.
खाली कालच्या भावाचं आहे,
वर आजच्या भावाने जातंय.
"शिर्केबेन, अर्धाच टँकर मागवा."
जगाला स्वस्त होतं ते कोणाच्या तरी खिशातून होतं,
एवढं बोलून ते सळई पुसतात,
खूप वेळ पुसतात.

रात्री गच्चीवरून कोयलीची ज्योत दिसते.
नवरा म्हणतो, ज्योत उंच गेली की भाव चढतो.
मुलगा तिथेच कंत्राटावर आहे,
तो सांगून थकला: बाबा, तो जास्तीचा वायू जाळतात,
भावाचा आणि त्याचा काही संबंध नाही.
तरी हे झोपण्याआधी एकदा बघून येतात,
आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून यावं तसे.
टीव्हीवर कोटातला एक माणूस
जहाजं, बैठका, कुठकुठले समुद्र सांगतो
आणि शेवटी म्हणतो, सांगता येत नाही.
तो कोटात म्हणतो. मी हर्षदच्या शर्टात.

बाराव्या दिवशी धायबर सर गाडी घेऊन आले.
गाडी म्हणजे ती पांढरी, दोन वर्षं ताडपत्रीखाली होती ती.
"फुल."
मी विचारलं, म्हणजे वाढणार, सर?
"मला काय माहीत."
आकडे पळत होते, ते बघत नव्हते,
फडक्याने काच पुसत होते, आतूनही.
"देवासला बहीण असते माझी.
पावणेचारशे किलोमीटर.
गेले दोन आठवडे वाट बघतोय,
ते काही कमी होत नाही."
पावती न घेताच गेले.
मी ती खिशात ठेवली, का कोण जाणे.

तेराव्या सकाळी फोन लावला.
"किती?"
"काही नाही."
"काही नाही म्हणजे?"
"जागच्या जागी आहे, भाई."
या वेळी बशीचाही आवाज नाही.
जेसंगच्या किटल्या वळणावर ऐकू आल्या.
तो पोचायच्या आत
मी माझी ॲक्टिव्हा पुढे घेतली.
रोज शंभरचं टाकते.
आज दोनशेचं टाकलं.
कुठे जायचंय ते अजून ठरलेलं नाही.