सोमवारचं पाणी

पहाटे पाचला साकोदाबाई गुडघ्यापर्यंतच्या बुटांत
इझुमीच्या खाचरात उतरतात.
क्रौंच अजून एका पायावर,
सैबेरियाची थंडी पंखांत मिटून.
जिथे ते रात्रभर उभे होते तिथलंच पाणी
बाटलीत भरायचं. वर तारीख, वेळ, खाचराचा नंबर
पेन्सिलीने; ह्या थंडीत शाई दगा देते.

थोड्या वेळाने सरकारी पोत्यातला गहू
ह्या पाहुण्यांपुढे सांडेल,
आणि तिकडे, हिदाकांच्या कोंबडवाड्याभोवती,
सरकारीच चुना
न पडलेल्या बर्फासारखा पसरलाय.
जाळीतून चिमणीचं डोकंसुद्धा जायचं नाही.
दारात औषधाच्या पाण्याची परात. बूट बुडवल्याशिवाय
हिदाका स्वतःच्या कोंबड्यांनाही भेटत नाहीत.

रोज संध्याकाळी ते फोनवर एक आकडा सांगतात.
"आज तीन मेल्या."
तीन म्हणजे नेहमीचं मरण, वहीत मावणारं.
तेरा म्हणाले असते तर
रात्रीतून पांढरे पोशाख आले असते,
रस्त्यावर दोर, गाड्यांच्या चाकांना फवारा.

तीन हिवाळ्यांपूर्वी आले होते.
साकोदाबाई त्यांतच होत्या, चष्मा धुक्याने भरलेला.
सगळा वाडा रिकामा करायचा होता,
आजारी नि धडधाकट एकाच मापाने.
हिदाकांनी एवढंच विचारलं होतं,
"दिवे मालवू का? अंधारात त्या घाबरत नाहीत."

मंगळवारी प्रयोगशाळेतून फोन.
पलीकडचा पोरगा फार सभ्य, सावकाश बोलतो.
त्यांच्याही भाषेत
'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येतं.
"सोमवारच्या पाण्यात विषाणू आढळलेला..."
साकोदाबाई पेन्सिल
कागदावर टेकवून थांबतात.