एक हात खिशात

बाबा म्हणायचे, अँप्लिफायर उघडलास की
डावा हात खिशात.
साडेचारशे व्होल्टला दोन हातांचा माणूस फार आवडतो,
एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं,
वाटेत काळीज लागतं.
म्हणून माझ्या प्रत्येक कुर्त्याला डावीकडे खिसा आहे.
शिंप्याला वाटतं, सुट्टे पैसे ठेवते.

सॅम्युएल आढाव यायचे लग्नसराई संपली की,
महाराणी रोडच्या ऐन दुपारी,
अँप्लिफायर रिक्षात शेजारी बसवून,
आणि त्याचं वेगळं भाडं का द्यायचं
म्हणून पायरीपर्यंत कुरकुरत.
"हेमांगी, आवाज बारीक झालाय.
म्हणजे मोठा आहे गं. पण बारीक."

कसा हवा, मी विचारायची.
ते छताच्या पंख्याकडे बघायचे.
"सराफ्यात गराडू खातेस ना, थंडीत?
वरून कडक,
दात लागला की आत मऊ, वाफ निघते.
तसा.
जिरावन मी हातानं टाकीन."

पुस्तकात गराडू नाहीत.
पुस्तकात पस्तीस मिलिअँपियर आहे.

व्हॉल्व्हचं असं असतं,
ग्रिडला सतत थोडा नकार देत राहायचं.
नकार वाढला की ती गारठते,
सूर कोरडा होतो, सांध्यावर खरखरतो.
कमी केला की ऊब येते,
एक सूर दुसऱ्याला चिकटून बसतो,
आणि तिकडे आयुष्य उतरत असतं.
फारच कमी केला तर प्लेटच्या पोटाशी
लाल डाग उमटतो,
मग बटणापर्यंत पोचायची घाई.

आणि हे सगळं मोजायचं
कोणी काही वाजवत नसताना.
हे समजायला मला बरीच वर्षं लागली.
गिटार बाजूला, आवाज शून्यावर,
दहा मिनिटं नुसतं तापू द्यायचं.
काही न बोलता कोण किती जळतंय
तेवढंच मीटर सांगतं.

माझ्या कानाला तीस आवडतात. स्वच्छ, जरा कोरडे.
पण बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
दुकानात येताना आपला कान घरी ठेवून यायचा.

सदतीस. ते एक तार छेडायचे, मान हलवायचे, नाही.
चाळीस. स्क्रू केसभर.
बेचाळीस.
त्यांनी डोळे मिटले,
शेजारी मोबाईल कव्हर विकणारा मोटवानी
गिऱ्हाइकाचे पैसे मोजता मोजता थांबला.

"आठ-दहा महिन्यांत जातील व्हॉल्व्ह," मी म्हटलं,
"महूच्या भंगारात आता मिळत नाहीत.
रशियाची जोडी सहा हजाराला."
"बूट पण झिजतात, बाई.
म्हणून काय अनवाणी जाऊ लग्नाला?"

ह्या जूनमध्ये त्यांची नात आली. रूथ.
तोच डबा, कापडाला तोच अत्तराचा आणि बिडीचा वास.
तिला काचेसारखा हवा होता आवाज,
पलीकडचं दिसेल असा.
आजोबांचा फार चिकट, म्हणाली,
आणि मग गप्प झाली.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक नेलपॉलिश असते,
नखांसाठी नाही.
स्क्रू जिथे होता, बेचाळीसवर,
तिथे शेजारी एक ठिपका ठेवला, वाळू दिला,
मग फिरवत आणला एकतिसावर.
तिनं वाजवलं.
माझा कान चुकून घरून आला होता त्या दिवशी,
मला आवडलं, ते मी सांगितलं नाही.

"हा लाल ठिपका कसला?"
असतो तो, म्हटलं.

झाकण लावलं, खिशातला हात बाहेर काढला,
दोघींनी मिळून डबा पायरीखाली उतरवला.
रिक्षावाला काहीतरी बोलला,
आणि ती आत बसता बसता कुरकुरली,
ह्याचं वेगळं भाडं का म्हणून द्यायचं?