एकवीस इंच

आईच्या खुर्चीची उंची मी आधी मोजली,
स्वयंपाकघरातल्या, जिच्यावरून ती
कुणाचा हात न धरता उठते:
एकवीस इंच.
मग टेप पर्समध्ये टाकून आम्ही तिघं
सिटी सेंटरच्या शोरूममध्ये गेलो.

'खुर्ची घ्यायची आहे की गाडी?' बाबा म्हणाले,
आणि काचेच्या दारातून आत जाताना
शर्टाचं वरचं बटण लावलं,
साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना लावायचे तसं.

राजावत नावाचा मुलगा मायलेज सांगत होता.
मी बघत होते दार किती उघडतं,
उंबरठा केवढा, वर धरायला कडी आहे का,
मान न वाकवता डोकं आत जातं का.
पहिल्या गाडीत आई बुडालीच,
ढिल्या बाजेत बुडावं तशी,
आणि तिला बाहेर काढताना
तिचं हसू थांबेपर्यंत आम्हाला थांबावं लागलं.
दुसरीत चढायला स्टूल हवं होतं.
तिसरीत ती नुसती बसली.
बसली, पदर सारखा केला
आणि पिशवीतून गजकाचा पुडा काढला.
मी टेप लावली. वीस आणि थोडं वर.

बाबा मात्र बॉनेटभोवती घुटमळत होते.
ऑटोमॅटिक म्हणजे त्यांच्या लेखी
कुणीतरी आधीच चावून दिलेला घास.
श्योपूरच्या बीहडात सिंचन खात्याची जीप
त्यांनी अर्ध्या क्लचवर चढवलेली आहे,
मागे डंपी लेव्हल खडखडत, शिपाई चिखलात ढकलत.
राजावतने ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.
'अंकल, इसमें बस रेस और ब्रेक,' तो म्हणाला,
'बाएँ पैर को आराम.'

बाबांनी डाव्या पायाकडे पाहिलं.
तोच. दिवाळीपासून सुजणारा,
कंपूच्या जाममध्ये ज्याने एकदा
क्लच धरून ठेवायला साफ नकार दिला
आणि मागच्या टेंपोवाल्याने यांचं वय काढलं.
हे मला आईने फोनवर सांगितलं होतं,
बाबा अंघोळीला गेल्यावर,
नळाचा आवाज चालू होता तेवढ्यात.

टेस्ट ड्राइव्हला आम्ही उरवाई गेटचा चढ घेतला.
राजावत आणि मी मागे.
मधल्या फटीतून मला दोन पाय दिसत होते, शेजारी शेजारी:
बाबांचा डावा, नसलेला क्लच शोधणारा,
आणि आईचा उजवा, नसलेला ब्रेक दाबणारा.
तो तर ती बेचाळीस वर्षं दाबते आहे,
पहिल्या सेकंडहँड फियाटपासून.
बाजूला कड्यात कोरलेले तीर्थंकर,
इतकी शतकं उभे,
गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही.

वरून एक जीप आली. थांबावं लागलं, ऐन चढावर.
ती गेली. बाबांनी ब्रेक सोडला.
मी सीट घट्ट धरली.
गाडी मागे आली नाही.
दोन क्षण तिथेच उभी राहिली,
कुणी मागून पाठीला हात लावावा तशी,
मग सावकाश वर निघाली.
'हं,' बाबा म्हणाले.
हा 'हं' मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय;
एकदा माझ्या बारावीच्या निकालाला,
एकदा जावयाने चहा केला तेव्हा.
'परत एकदा थांबवा बघू,' आई म्हणाली.

गाडी पंधरा दिवसांनी मिळणार होती.
मला रात्री स्टेशनवर सोडायला दोघं
जुनीच गाडी घेऊन आले.
फूलबागेच्या सिग्नलला बाबांनी न्यूट्रल केलं,
डावा पाय मांडीखाली हात घालून उचलला
आणि बाजूला ठेवला, जपून,
झोपलेलं मूल कडेला सरकवावं तसा.
आई खिडकीबाहेर बघत राहिली.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं,
'रंग कोणता सांगू?'
ती म्हणाली, 'धूळ दिसू नये असा.'