चालू घड्याळ

जुना टायमर जळाला तेव्हा नुसता वास आला.
दोन दिवस आम्ही नवाथेंच्या देवघराला बोल लावला.
मग गरम पाणीच यायचं थांबलं.

गोठिवलीहून तुळशीदास मढवी स्कूटरवर आला,
नवा बसवला. बाराशे सत्तर, मजुरी वेगळी, बिल नको.
"पी-वन, पाच ते आठ. सेटिंग केलंय काका,
आता कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला इंटरकॉम वाजला :
एकशे चारचे कोटणीस, अंगाला साबण, बादलीत बर्फ.
मागोमाग आणखी सहा जण.

मी सेक्रेटरी नाही. मला कुणी निवडून दिलेलं नाही.
एकतीस वर्षं बेलापूर रोडवरच्या कारखान्यात
मीटर जुळवत बसलो, एवढंच;
घरात टेस्टर आहे, आणि गच्चीची किल्ली.

आधी पंपावर संशय घेतला. मग व्हॉल्व्हवर.
मग पाइपात हवा धरली असेल म्हणून
टाकीच्या बुडाशी पाना घेऊन बसलो, गुडघे भिजेपर्यंत.
तीन नंबरची वायर चारात घातली,
चारातली पाचात,
आणि पुन्हा होती तिथे.
मल्टिमीटर दोनशे तीस दाखवत राहिला
निर्लज्जासारखा.

एक दिवस पाचच्या आधीच वर गेलो.
पंप माझ्याआधीच चालू होता.
साडेपाचला आपणहून गप्प झाला,
कामावरून सुटल्यासारखा.
स्क्रीनवर काहीतरी हिरवं चमकत होतं,
चष्मा खाली राहिला होता.

नवव्या दिवशी चष्मा नेला.
मनगटावर साडेपाच.
स्क्रीनवर आठ.

"काका, डब्यातून काढलं तेव्हा घड्याळ चालूच होतं की,"
फोनवर तुळशीदास. "चालू घड्याळाला कोण हात लावतो?"

खरं होतं. डब्यावर लिहिलेल्या त्या चिनी गावात
तेव्हा खरोखरच आठ वाजले होते.
तिथल्या कुणा मुलीने टेबलाशी बसून
सेकंदासकट बरोबर लावून दिलं होतं.
चूक तिची नव्हती, तुळशीदासची नव्हती,
चूक असलीच तर ऐरोलीची,
जी अडीच तास मागे वसलेली.

बटण दाबून धरलं. घड्याळ मागे आणलं.
कोटणीसांनी फोन करून आभार मानले, अर्थात आंघोळीनंतर.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये तीनशे दोनमधली रेवती ससाणे,
गळ्यात कंपनीचं कार्ड, संध्याकाळी पाचला कामावर निघालेली.
"दुरुस्त झालं ना काका पाणी," म्हणाली.
झालं म्हटलं. मान हलवली तिने.
तळमजला आला, दार उघडलं,
तरी ती थोडी थांबली.

"मला गाडी पावणेतीनला सोडते.
चार वर्षं गार पाण्यानेच तोंड धुते, सवय आहे.
मधे नऊ दिवस गरम येत होतं.
मला वाटलं,
कमिटीने ठरवलं असेल."

अमेरिकेच्या घड्याळावर राबणारी ती
आणि चीनच्या घड्याळावर चालणारा तो पंप
नऊ रात्री भेटत होते
तीनशे दोनच्या एका निळ्या बादलीत,
आणि मी मात्र पाना घेऊन
बिघाड शोधत होतो.

माहितीपत्रकात छोट्या अक्षरात आहे :
कार्यक्रम एकूण आठ. आपण वापरतो एक.

रजिस्टरात मी लिहिलं,
"घड्याळ जुळवले. बाकी ठीक."
बाकीत पी-टू आहे,
दोन पन्नास ते तीन पाच.
वार्षिक सभेत विजेचं बिल निघेल.
तेव्हा काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

आमचं घर गच्चीच्या खालीच.
रात्री डोक्यावर टक् होतं, मग पाइपातून घरघर उतरते,
सातवा, सहावा, पाचवा, चौथा…
ही कूस बदलते, झोपेतच विचारते,
"काय वाजलं?"
"दोन पन्नास," मी म्हणतो.