भारनियमन

अकरा वर्षं झाली. आता दुखण्याला नाव लागत नाही;
घरातल्या माणसापुढे आपण हाक न मारताच
पाण्याचा गडवा सरकवतो, तसं.

खांबावरून पडलो तेव्हा खाली धानाची बांधी होती,
चिखल होता, म्हणून वाचलो म्हणतात.
मणका जुळला. नागपूरच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरला,
"आता यात काहीच नाही."
मी म्हटलं, साहेब, लाईन बंद आहे,
तरी हात लावला की झटका बसून राहिला, त्याचं काय?
तो हसला. मी हसलो नाही.

मग बिब्ब्याचे चटके. वाताचं तेल.
मोहाच्या ढेपेचा शेक.
मुखरूने आणलेल्या गोळ्या, त्यांनी फक्त पोट जळलं.
जो येई तो विचारी, "काहून भाऊ, उतरलं का?"
जसा काही तापच होता तो.

साकोलीच्या दवाखान्यात रहांगडाले मॅडम भेटल्या,
वयानं माझ्या पोरीएवढ्या.
त्यांनी पाठ कमी पाहिली, बोलणं जास्त ऐकलं.
म्हणाल्या, जखम भरली काका, पण घंटी अडकून बसली आहे.
मी म्हटलं, रिले चिकटला.
मग रिले म्हणजे काय, ते त्यांनी मला विचारलं.
माझ्या दुखण्यातलं मला काही कळतं,
असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुरतं जाणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं.
बसस्टँडवर मी भजी खाल्ली, दोन प्लेट.
रडू नंतर आलं, लाखनी यायच्या आधी,
खिडकीकडे तोंड करून.

चांगला दिवस सगळ्यात वाईट.
पाठ हलकी लागली की मी कौलं फेरायला चढायचो,
बोडीवरची मोटर उघडायचो, काड्या फोडायचो,
आणि पुढचे चार दिवस खाटेवर, भिंतीशी बोलत.
एका डीपीवर सारं गाव टाकलं तर ती उडणारच,
हे मी नोकरीभर लोकांना ओरडून सांगितलं होतं.

आता वेळापत्रक आहे.
वीस मिनिटं काम, मोबाईल वाजतो, दहा मिनिटं आडवा.
दुखत नसलं तरी आडवा. हेच अवघड.
लाखोळी अर्धी पाखडून सूप तसंच ठेवतो,
शेजारी म्हणतात, हा माणूस घंटीवर चालते.
चालू द्या.
गावाला लाईन तुकड्यातुकड्यानं मिळायची,
तरी पऱ्हे जगायचे.

पुस्तकला आता "दुखते का?" विचारत नाही.
तसं ठरलंय आमचं.
"आज किती खांब?" विचारते.
पहिल्या महिन्यात तीन. वैशाखात दोन, तेही उजाडायच्या आत.
पोळ्यापर्यंत चौदा झाले, मग थंडी पडली,
पुन्हा सहा.
नवव्या खांबावर कोतवाल बसतो, शेपटी दुभंगलेला.
अकराव्याचा ताण मी ओढलेला, अजून ढिला नाही;
त्याच्यापाशी मी जरा जास्तच थांबतो.

तो खांब एकोणिसावा.
एकदा गेलो तिथवर, गेल्या दिवाळीत.
हात लावायचा होता.
बुडाशी कुणी बकरी बांधली होती,
बोरीचा पाला चघळत ती माझ्याकडे पाहत राहिली.
मोबाईल वाजला. परतलो.

काही रात्री अजूनही सगळं एकदम पेटतं,
कमरेपासून टाचेपर्यंत.
तेव्हा गुडघ्यांखाली उशी, श्वास लांब,
आणि कान बाहेर: बोडीतले बेडूक,
कुणाच्या तरी पंख्याची खरखर,
म्हणजे लाईन आहे.
पुस्तकला कूस बदलते, झोपेतच विचारते,
"किती?"
मी म्हणतो, झोप, सकाळी सांगतो.