समांतर

निवतीत चौथा दिवस लाईट नाही.
बावतीसने आपलं सौर पॅनेल गडग्यावरून पुढे केलं,
"धर," एवढंच म्हणाला, तीन वर्षांनी.

मी दोन्ही एकापुढे एक जोडली.
पॉवर स्टेशनचा डबा गप्प,
पडद्यावर लाल त्रिकोण.

चष्मा पुसून मागची चिठ्ठी वाचली:
बावीस नि बावीस, चव्वेचाळीस व्होल्ट.
डब्याला सोसतात तीसच.

"समांतर जोड, मेल्या," पलीकडून,
"दहावीक ह्यातच नापास झाललंस."

प्लसला प्लस, मायनसला मायनस.
एकशे साठ वॅट.
फ्रीझर खोकला, मग घुमायला लागला.
आत सुरमई, त्याचीही.

दोनला माझ्या पॅनेलवर झावळीची सावली.
आकडा घसरला, ऐंशीवर थांबला.
ते ऐंशी त्याचे.
कोयता घेऊन उठलो,
मग आठवलं,
माडही त्याचाच.