कल्हई

पडद्यावरच्या माझ्या गुडघ्यात
डॉक्टर गायधनींनी पेनाच्या टोकाने खळगा दाखवला,
जुन्या आठ आण्यांएवढा.
"कूर्चा इथे उरलेलीच नाही."
अण्णा खुर्चीतून पुढे वाकले, चष्मा कपाळावर केला.
"कल्हई गेलीय," म्हणाले.

तांबट आळीत पन्नास वर्षं
भांड्यांच्या पोटात बघत आलेला माणूस.
आतलं अस्तर उडालं की ताक कळकतं
हे त्यांना कुणी सांगायला नको.
माझं चालणं तीन वर्षं कळकत होतं.
शाळेचा जिना उतरताना कटकट वाजायचं,
मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकायचे.

मग त्याच गुडघ्यातून, जिथे भार पडत नाही तिथून,
मसुरीएवढा तुकडा काढला
आणि थंड डब्यातून पुण्याला धाडला.

पाच आठवडे
माझ्या पेशी माझ्याशिवाय राहिल्या.
मी गंगापूर रोडला मेथी निवडत होते,
त्या परगावी, उबेत, काचेच्या बशीत
एकीच्या दोन, दोघींच्या चार होत होत्या.
खांबाजवळ मारलेला तो शेवटचा सूर
त्यांना आठवतो का,
विचारायचं राहिलं.

"हा लेप नव्हे," डॉक्टर म्हणाल्या,
"जाळी आहे, जाळीत पेशी. आम्ही फक्त ठेवतो.
धरायचं की नाही ते गुडघा ठरवणार."
अण्णा रात्रभर गप्प.
सकाळी एवढंच:
"आधी खरवडावं लागतं. नाहीतर कथीलसुद्धा धरत नाही."
खरवडलं होतंच. मी भुलीत होते.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही.
यंत्र गुडघा वाकवतं, सरळ करतं, वाकवतं.
मोरीच्या कोपऱ्यात
विकलेल्या घंगाळाचा गोल डाग.

आज मैदानावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेय.
चौकांत आठ मुली उकिडव्या,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे.
ऋजुता पुन्हा उशिरा उठली.
"बाई, तुम्ही बसून दाखवा ना एकदा!"

नाही बसत.
आत काहीतरी अजून मऊ आहे,
विरजण लावून झाकलेल्या दुधासारखं.
त्याला धक्का नको. आणि रोज थोडं हलवायचंही आहे,
हे मला अजून नीट कळलेलं नाही.
शिट्टी फुंकते.

संध्याकाळी अण्णा गुडघ्यावर टिचकी मारतात,
घागरीवर मारायचे तशी,
आणि कान लावतात,
पन्नास वर्षांच्या ठोक्यांनी बहिरा झालेला
उजवा कान.